अकरा चुका आणि जादा आषाढ

पहिल्या दिवशी मी फक्त मोजणी केली. पत्र्याच्या दोन पेट्या, त्यांत चौतीस वर्षांच्या पंचांगाची हाताने लिहिलेली पत्रके. दर महिन्याला एक पान. बहुतेक वर्षांची पाने बारा, काहींची तेरा. प्रत्येक वर्षाचा गठ्ठा सुतळीने बांधलेला आणि गाठ अशी की टोक ओढताच सुटावी. एकूण पाने चारशे वीस.

हा आकडा मी तोंडाने उच्चारला मात्र, स्वयंपाकघरातून ताईंचा आवाज आला, "चारशे वीस? अगदी बरोबर मोजलंत. मी हिला इतकी वर्षं तेच म्हणत आले."

"ताई, तू तुझी भांडी बांध," ही पत्रके लिहिणाऱ्या त्यांच्या बहीण, धाकट्या मावशी म्हणाल्या आणि माझ्याकडे वळून हलकेच पुढे बोलल्या, "ती टोमणे मारतेय ना, तोवर सगळं ठीक आहे समजायचं."

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात आवराआवर चालू होती. दोघींच्या गुडघ्यांनी जिन्याशी बोलणे टाकले होते, म्हणून शनिवारी त्या दोन गल्ल्या पलीकडे तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायला जाणार होत्या. आमच्या ग्रंथालयाच्या संग्रहासाठी ही पत्रके मागायला मी आले होते. ती मिळतील असे मी गृहीत धरले होते. गृहीत धरणे हा माझ्या कामात दोष मानला जातो, आणि तो मला लवकरच भोवला.

धाकट्या मावशींचा पत्ता मला लागला तो एका कार्डावरून. ग्रंथालयात दरवर्षी सूर्य, चंद्र आणि ग्रहांच्या रोजच्या स्थानांचा एक जाड कोष्टकग्रंथ येतो. त्याच्या मागच्या खिशातल्या कार्डावर, सलग चौतीस वर्षे, एकच सही होती. दुसऱ्या कोणाही माणसाने तो ग्रंथ कधी उघडला असल्याचा पुरावा मला मिळालेला नाही.

ती सही करणाऱ्या बाई शहराच्या बस डेपोत, वेळापत्रकाच्या विभागात, एकतीस वर्षे नोकरीला होत्या. चौकटीच्या लांबलचक कागदावर उभ्या रेघा म्हणजे वेळ, आडव्या रेघा म्हणजे थांबे आणि त्यांमधून तिरक्या धावणाऱ्या पेन्सिलीच्या रेघा म्हणजे गाड्या. चालक त्यांना "पत्रकवाल्या बाई" म्हणत. एकदा एक चालक तावातावाने त्यांच्या टेबलाशी येऊन म्हणाला होता, "बाई, तुमच्या रेघेला चढ नाही, माझ्या रस्त्याला आहे!" रविवारी हातात घड्याळ घेऊन बाई त्या चढावर जाऊन उभ्या राहिल्या, सात गाड्या मोजल्या आणि सोमवारी त्या मार्गाला दोन मिनिटे वाढवून दिली. हा प्रसंग मला तीन माणसांनी सांगितला. तिघांच्या सांगण्यात गाड्यांची संख्या एकच होती, म्हणून मी तो खरा मानते.

पंचांगाकडे त्या वळल्या त्या एका भांडणामुळे. खालच्या मजल्यावरचे शिंपी आणि समोरचे मास्तर एका सकाळी जिन्यात हमरीतुमरीवर आले होते. शिंप्यांच्या छापील पंचांगात त्या दिवशी पंचमी होती, मास्तरांच्या पंचांगात षष्ठी. दोन्ही पुस्तके दूरदेशीची, वेगवेगळ्या शहरांत छापलेली. कामावर निघालेल्या धाकट्या मावशींनी दोन्ही हातात घेतली, पहिले पान उलटले आणि बारीक अक्षरातली ओळ वाचली: गणित अमुक शहराच्या सूर्योदयास अनुसरून.

"दोन्ही बरोबर आहेत," त्या म्हणाल्या. "पण दोन्ही दुसऱ्या डेपोची पत्रकं आहेत. आपल्या भिंतीवर लावून काय उपयोग?"

"मग आपल्या डेपोचं कोण करणार?" मास्तरांनी विचारले.

या प्रश्नाचे उत्तर म्हणजे त्या दोन पेट्या.

त्यांची समजावून सांगण्याची पद्धत मी जशीच्या तशी नोंदवून ठेवली आहे. पेटीवर बसून, मांडीवर पाटी धरल्यासारखा पुठ्ठा धरून त्या म्हणाल्या, "तिथी म्हणजे काय गं? चंद्र सूर्याच्या किती पुढे गेला, ते. अमावास्येला दोघं एका रेषेत. तिथून चंद्र बारा अंश पुढे गेला की एक तिथी संपली. पुरी फेरी व्हायला अशा तीस. पहिल्या पंधरा शुद्ध, पुढच्या पंधरा वद्य. चंद्र कधी झपझप चालतो, कधी रेंगाळतो, म्हणून एखादी तिथी वीस तासांत आटपते, एखादी सव्वीस तास घेते. आपल्या दिवसाशी तिला देणंघेणं नाही. ती भर दुपारीही सुरू होईल."

"मग दिवसाची तिथी कोणती, हे ठरतं कसं?"

"डेपोत सकाळी खिडकी उघडली की कारकून पहिलं काम काय करतो? फलाटावर कुठली गाडी उभी आहे ते लिहितो. सूर्योदय म्हणजे ती खिडकी. त्या क्षणी जी तिथी उभी असेल, तिचं नाव त्या दिवसाला. आता एखादी गाडी खिडकी उघडल्यावर आली आणि दुसऱ्या दिवशी खिडकी उघडायच्या आत निघून गेली, तर वहीत तिचं नावच नाही. गाडी धावली, पण नोंद नाही. तो क्षय. आणि एखादी इतकी रेंगाळली की दोन्ही दिवशी खिडकी उघडताना उभीच, तर दोन्ही दिवशी तिचंच नाव. ती वृद्धी."

"आणि खिडकी प्रत्येक गावात वेगळ्या वेळी उघडते."

"बरोब्बर. शिंपी आणि मास्तर एवढ्याचसाठी भांडत होते."

हे सर्व मी आधी चार पुस्तकांत वाचले होते. समजले मात्र त्या पेटीवर.

त्यांच्या प्रत्येक पानावर पाच रकाने आहेत: वार, तिथी, नक्षत्र, योग आणि करण. पंचांगाची ही पाच अंगे. कोष्टकातून चंद्राचे अंश घ्यायचे, त्यातून सूर्याचे वजा करायचे, बाराने भागायचे, मग तिथी संपण्याची वेळ काढायची. चंद्र आकाशाच्या सत्तावीस भागांपैकी कोणत्या भागात आहे ते पाहून नक्षत्र लिहायचे. प्रत्येक दिवशी, चौतीस वर्षे. शिवाय या शहराचा सूर्योदय. महिना लागण्याआधी पानाच्या साठ प्रती निघत आणि साठ स्वयंपाकघरांत, बहुधा चहाच्या डब्यांच्या वर, टांगल्या जात.

आता दोघींच्या नात्याविषयी. ताई आणि धाकट्या मावशी या मावसबहिणी. त्यांच्या आया सख्ख्या बहिणी. लग्ने होऊन एक एका टोकाला गेली, दुसरी दुसऱ्या. दोघींना एकाच वर्षी, एकाच महिन्यात मुली झाल्या. पत्र पोहोचायला तेव्हा तीन-तीन आठवडे लागत आणि वाटेत काही हरवतही. मुली चार वर्षांच्या झाल्यावर दोन्ही कुटुंबे एका गल्लीत राहायला आली, तेव्हा आयांनी पहिल्यांदा समोरासमोर बसून हिशेब लावला.

"माझी आषाढ शुद्ध अष्टमीची."

"माझी आषाढ वद्य तृतीयेची."

शुद्ध पक्ष आधी, वद्य नंतर. दहा दिवसांचे अंतर. एक ताई झाली, दुसरी धाकटी. शाळेत नाव घालताना मुख्याध्यापकांनी सोयीसाठी दोघींना एकच काल्पनिक जन्मतारीख देऊन टाकली, त्यामुळे कागदोपत्री दुसरा काही आधार उरला नाही.

त्या दहा दिवसांच्या बळावर ताईंनी बहात्तर वर्षे राज्य केले. खिडकीजवळची जागा त्यांची. भांडणात शेवटचा शब्द त्यांचा. धाकट्या मावशींनी लग्न केले नाही. ताईंनी केले, आणि पस्तीस वर्षांपूर्वी यजमान गेल्यावर बहिणीकडे राहायला आल्या त्या घराचा ताबा घेऊनच. प्लंबरला ताई बोलावत, घरमालकाला ताई सुनावत, डॉक्टरांना धाकटीची दुखणी ताई सांगत. डॉक्टरसुद्धा विचारत, "धाकटीचं काय म्हणणं?" आणि शेजारी बसलेल्या शहात्तर वर्षांच्या धाकट्या मावशी ताईंकडे बघत.

तक्रारीचा सूर त्यांच्या बोलण्यात मला कधी आढळला नाही. "ताई म्हणाली म्हणजे झालं," हे वाक्य मात्र माझ्या टिपणवहीत सतरा ठिकाणी आहे.

दुसऱ्या दिवशी मी तपासणीला बसले. कोणताही संग्रह स्वीकारण्यापूर्वी त्याची विश्वासार्हता ठरवावी लागते. पहिली तीन वर्षे मी पूर्ण पडताळली, पुढची नमुन्यादाखल. दुपारपर्यंत माझ्या वहीत एक पान तयार झाले. वर मथळा: चुकांची यादी. खाली अकरा नोंदी. त्यांपैकी नऊ एकाच, पहिल्याच, उन्हाळ्यातल्या.

ही चूक जितकी साधी, तितकीच ती दुसऱ्या कोणाकडून होणे अवघड. इथे उन्हाळ्यात घड्याळे तासभर पुढे केली जातात. धाकट्या मावशींनी तिथी संपण्याच्या सर्व वेळांत इमानाने एक तास मिळवला आणि सूर्योदयाच्या रकान्यात मिळवायचे विसरल्या. खिडकी जुन्या घड्याळाने उघडली, गाड्या नव्या घड्याळाने सुटल्या. तिथी खरे तर पाच वीसला संपलेली, सूर्योदय पाच पन्नासला. कागदावर मात्र तिथी सहा वीस, सूर्योदय पाच पन्नास. म्हणजे निघून गेलेली गाडी अजून फलाटावर उभी. अशा नऊ दिवशी साठ घरांत आदल्या दिवसाची तिथी नांदली.

मी चहाला उठले आणि वही उघडी राहिली. परत आले तेव्हा ताई चष्मा लावून ती वाचत होत्या.

"हे काय आहे?"

"पडताळणी. सर्वच संग्रहांची करतो आम्ही."

"आणि ही यादी तिथे पेटीबरोबर राहणार?"

"हो. पुढच्या अभ्यासकांसाठी."

"म्हणजे लोक येणार, चष्मे लावणार, आणि माझ्या धाकटीनं कुठे कुठे माती खाल्ली ते बघणार." त्यांनी वही मिटली. "तपासनीसबाई, त्या उन्हाळ्यात तुम्ही जन्माला आला नव्हतात. शिंपी जिन्यातून ओरडायचे, 'बाईंचा सूर्य उठला का हो?' डेपोत तिच्या टेबलावर कुणी कोंबड्याचं चित्र ठेवलं होतं. दोन महिने ही मान खाली घालून जेवत होती. तेव्हा मी ठरवलं, हिच्यावर पुन्हा कोणी हसता कामा नये. शुक्रवारी दहाला रद्दीवाला येणार आहे. पेट्या त्याला जातील."

"ताई—" धाकट्या मावशी दारात उभ्या होत्या.

"ठरलं."

मी धाकट्या मावशींकडे पाहिले. पत्रके त्यांची, हस्ताक्षर त्यांचे, चौतीस वर्षे त्यांची. त्यांनी दाराच्या कडेवरून एकदा हात फिरवला.

"ताई म्हणाली म्हणजे झालं," त्या म्हणाल्या.

गुरुवारी मी गेले ती क्षमा मागायला. ताई कपाटासमोर कागदपत्रांची पिशवी पालथी घालून बसल्या होत्या. धाकट्या मावशी जमिनीवर, भोवती गठ्ठे मांडून, एकेक पान वाचत होत्या. वाचून झालेले पान उपडे ठेवत होत्या.

"रद्दीत जायच्या आधी एकदा वाचून घेते," त्या म्हणाल्या. "लिहिताना वाचलं नव्हतं ना. मोजत होते." आणि मग चेहरा एकदम उजळून, "अगं, तुझ्या मोजणीच्या वहीत बारा ठिकाणी 'दुबार प्रत' लिहिलंयस!"

मी लिहिले होते. बारा वर्षांच्या गठ्ठ्यांत एकाच महिन्याच्या नावाची दोन पाने होती. मोजताना मी फक्त महिन्याचे नाव पाहिले आणि ती नक्कल समजले होते.

"ताई, ऐकलंस? तपासनीसबाई चुकल्या!"

"किती?"

"बारा!"

"तुझ्यापेक्षा एक जास्त," ताई समाधानाने म्हणाल्या.

धाकट्या मावशींनी मला जवळ बसवून घेतले. "चंद्राचे बारा महिने म्हणजे तीनशे चोपन्न दिवस. सूर्याचं वर्ष तीनशे पासष्ट. दरवर्षी अकरा दिवसांची तूट. तशीच राहू दिली तर आषाढ हिंडत हिंडत थंडीत जाईल. मग काय करायचं? डेपोत गर्दी साठली की काय करतो?"

"जादा गाडी सोडता."

"जादा गाडी! साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक. आणि ती कधी, हे कोणाच्या मर्जीवर नाही. एरवी प्रत्येक चांद्रमासात सूर्य एकदा रास बदलतोच. ज्या महिन्यात तो एकदाही बदलत नाही, तो जादा. अधिक महिना. त्याला स्वतःचं नाव नसतं. मागून येणाऱ्या गाडीचाच नंबर लावतात आणि पाटीवर 'जादा' लिहितात. अधिक आषाढ पुढे, खरा आषाढ मागे. त्या खऱ्याला निज म्हणायचं." त्यांनी भिंतीकडे बोट दाखवले. चहाच्या डब्यांच्या वर चालू महिन्याचे पान होते, डोक्यावर ठळक अक्षरांत: अधिक आषाढ.

त्याच वेळी ताईंनी दोन पिवळ्या चिठ्ठ्या वर धरल्या. "ही आपली जन्मटिपणं. ठेवायची की टाकायची?"

"टाकू नका!" मी इतक्या जोरात म्हणाले की धाकट्या मावशी दचकल्या.

दोन्ही चिठ्ठ्या बोटाएवढ्या. एकीवर: आषाढ शुद्ध ८, सोमवार, स्वाती. दुसरीवर: आषाढ वद्य ३, मंगळवार, श्रवण. वर्ष दोन्हींवर तेच. मी सवयीने विचारले, "त्या वर्षी आषाढ किती होते?"

पिशवी आवरणारे ताईंचे हात थांबले.

"मावशी, तुम्ही कधी मोजून पाहिलं नाही?"

"मागचं कशाला मोजू?" धाकट्या मावशी म्हणाल्या, पण नजर चिठ्ठीवरून हलत नव्हती. "सुटलेल्या गाडीचं पत्रक कोणी करतं का?"

"मोज," ताई म्हणाल्या. "मोज की. होऊन होऊन काय होईल? दहाचे नऊ दिवस होतील."

"राहू दे, ताई."

"मोज म्हणते ना!"

धाकट्या मावशींनी पेन्सिल घेतली. "एकोणीस वर्षांनी चंद्र आणि सूर्य जवळजवळ त्याच तारखेला त्याच जागी येतात. एकोणीसचे चार टप्पे म्हणजे शहात्तर. आपण किती वर्षांच्या?"

"या आषाढात शहात्तर पुऱ्या."

"म्हणजे आज भिंतीवर आहे, तसंच तेव्हा असणार. जवळजवळ." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "पण 'जवळजवळ'वर गाडी सोडत नाहीत."

ग्रंथालयाच्या तळघरात त्या वर्षाचा कोष्टकग्रंथ होता. मी अर्ध्या तासात दोन महिन्यांच्या पानांची नक्कल घेऊन परत आले. धावत गेले होते, हे नोंदवणे क्रमप्राप्त आहे.

पुढचा दीड तास स्वयंपाकघरातल्या टेबलावर गेला. मी आकडे वाचले, धाकट्या मावशींनी वजाबाक्या केल्या, ताई समोर हात बांधून बसल्या. त्या वर्षी सूर्य एका अमावास्येच्या आधीच मिथुनेत शिरला होता, आणि पुढची अमावास्या होऊन गेल्यावर कर्केत. मधल्या महिन्यात रास बदललीच नव्हती. आषाढ दोन होते.

मग चार ओळी लिहिल्या गेल्या. अधिक शुद्ध अष्टमी: शनिवार, हस्त. अधिक वद्य तृतीया: मंगळवार, श्रवण. निज शुद्ध अष्टमी: सोमवार, स्वाती. निज वद्य तृतीया: गुरुवार, शततारका.

ताईंची चिठ्ठी तिसऱ्या ओळीला जुळत होती. धाकट्या मावशींची दुसऱ्या ओळीला. वारही जुळत होता आणि नक्षत्रही. एका साक्षीदारावर मी विश्वास ठेवला नसता, हे दोन होते. एका घरात 'अधिक' लिहायचे राहिले, दुसऱ्या घरात 'निज' लिहायची गरज वाटली नाही, आणि चार वर्षांनी दोन आयांनी दोन वेगवेगळ्या महिन्यांच्या तिथ्या एकाच महिन्यात मांडल्या.

"म्हणजे?" ताईंनी विचारले.

"म्हणजे मी जादा गाडीनं आले," धाकट्या मावशी अगदी हळू म्हणाल्या. "तुझ्या आधी."

"किती?"

"वीस दिवस."

"पुन्हा मोज."

त्यांनी पुन्हा मोजले. वीस.

"तपासनीसबाई, चुका काढण्यात तुम्ही पटाईत ना? काढा हिची चूक."

मी प्रत्येक वजाबाकी स्वतंत्रपणे केली, दोन्ही गावांचे सूर्योदय वेगळे धरून पाहिले, दोन ठिकाणी माझीच चूक झाली ती दुरुस्त केली. "चूक नाही," मी म्हणाले.

ताई टेबलाकडे बघत राहिल्या. त्यांचे खांदे हलू लागले. मला वाटले, रडताहेत. मग हसण्याचा असा लोट बाहेर आला की बांधून ठेवलेली भांडी वाजली. "बाई बाई बाई! बहात्तर वर्षं! बहात्तर वर्षं मी हिच्या वाटणीच्या प्लंबरशी भांडले! घरमालकाच्या शिव्या मी खाल्ल्या! आणि ही बया खुशाल धाकटी होऊन बसली!"

"मला काय माहीत, ताई!"

"ताई कोण? ताई तू! आजपासून डॉक्टरांशी तू बोल. माझी कंबर दुखते, सांग त्यांना!"

दोघींनी डोळे पुसले. पदर एकच पुरला. मग धाकट्या मावशी ताठ बसल्या. इतके दिवस मी त्यांना पाहत होते, तसे बसलेले पाहिले नव्हते.

"मी थोरली ना?"

"झालीस खरी."

"माझा शब्द शेवटचा ना?"

ताईंचे हसू ओसरले. पुढे काय येणार ते त्यांना कळले असावे.

"पेट्या रद्दीत जाणार नाहीत. ग्रंथालयात जातील. यादीसकट."

"अगं, हसतील लोक तुला."

"हसू देत. डेपोत चुकलेलं पत्रक मी कधी फाडलं नाही. भिंतीला लावायचे, चुकीवर लाल गोल करून. पुढच्या पोरीला ते बघूनच कळायचं, कुठं पाय घसरतो ते." त्यांनी ताईंच्या हातावर हात ठेवला. "तू दोन महिने माझ्या ताटात जास्त वाढत होतीस, ते मला तेव्हाच कळलं होतं. आता नको काळजी करूस. थोरली सांगतेय."

ताईंनी नाक ओढले. "पहिल्याच दिवशी हुकूम," त्या पुटपुटल्या. "मी तरी आठवडाभर थांबले असते." पण उठून त्यांनी पेटीच्या कडीला नवी सुतळी बांधायला घेतली.

शुक्रवारी दहाला रद्दीवाला आला. घंटा वाजली आणि दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. अशा माणसांशी बोलणे हे थोरलीचे काम. धाकट्या मावशींनी पदर सारखा केला आणि दारात गेल्या. दहा मिनिटे जिन्यातून कुजबुज ऐकू आली. परत आल्या तेव्हा गाल लाल होते.

"जुनी वर्तमानपत्रं त्याला दिली. आणि जातोयस तसा गाडीवरून पेट्या ग्रंथालयापर्यंत सोड म्हटलं. हो म्हणाला!" हे सांगताना त्यांचा आवाज परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलीसारखा होता.

पेट्या तीन मजले उतरल्या. मी खाली गाडीपाशी पावती लिहीत होते: पेट्या दोन, पत्रके चारशे वीस, चुकांची यादी एक, दुबार प्रत एकही नाही. रद्दीवाल्याने दुसरी पेटी जरा दाणकन ठेवली, तशी तिसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली आणि सबंध गल्लीला ऐकू जाईल असा ताईंचा आवाज आला.

"सांभाळून रे बाबा! रद्दी नाही ती! माझ्या थोरल्या बहिणीचं पंचांग आहे!"